कान बंद झाला म्हणजे मळच असेल असं नाही

कान-नाक-घशाबद्दल आलेल्या या वेळच्या प्रश्नांत एक गोष्ट सारखी दिसली, आजाराचं नाव लोकांनी आधीच ठरवलेलं असतं आणि डॉक्टरला फक्त औषध विचारायचं असतं. त्यामुळे एकदोन उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या.

प्रश्न: चार दिवसांपूर्वी सकाळी उठलो तर उजवा कान एकदम बंद, दडा बसल्यासारखा. आत सूं असा आवाज चालूच आहे, दुखत अजिबात नाही. मेडिकलमधून मळ पातळ करायचे थेंब आणलेत, अजून किती दिवस घालू?

उत्तर: थेंब राहू देत बाजूला, आजच्या आज कान दाखवून या. मळ फुगून किंवा सर्दीने कान बंद होतोच आणि बऱ्याचदा तेवढंच निघतं, पण अचानक, एकाच कानाने, दुखणं काही नाही आणि वर आवाज, हे कानाच्या नसेचंही असू शकतं आणि गंमत म्हणजे त्यातही पेशंटला कान भरल्यासारखाच वाटतो. घरी एवढं करून बघा, तोंड मिटून 'हूंऽऽ' असा लांब आवाज काढा. बंद कानात जास्त घुमला तर आवाजाच्या वाटेत काहीतरी अडलंय, मळ किंवा पडद्यामागे पाणी वगैरे. चांगल्या कानाकडेच गेला तर नसेची शंका. (ज्यांचे कान ठीक आहेत त्यांनी एका कानात बोट घालून हूं करा, त्याच बाजूला घुमेल, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.) आम्ही हेच ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (ठोकल्यावर एकच सूर देणारा धातूचा चिमटा) कपाळाच्या मधोमध टेकवून करतो. पण या घरगुती टेस्टवर निकाल लावून घरी बसू नका, मळ आहे का ते कानात बघितल्यावर लगेच कळतं आणि मळ नसेल तर त्याच दिवशी ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याची मशीनवरची तपासणी, करायचा.

तीन दिवसांच्या आत ऑडिओग्रामवर लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींमध्ये (सुरांच्या उंचीत) ऐकण्यात ३० डेसिबल किंवा जास्त घट झाली तर तो सडन हिअरिंग लॉस, म्हणजे नसेमुळे अचानक ऐकू कमी येणं. कारण बहुतेकांत सापडतच नाही. उपाय म्हणजे स्टेरॉईडच्या गोळ्या, पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जेवढं लवकर तेवढं बरं. शुगर असेल किंवा गोळ्यांनी भागलं नाही तर पडद्यातून आत इंजेक्शन देतात. आपोआप सुधारणारेही असतात, पण तुम्ही त्यातले आहात का हे आधी कुणालाच सांगता येत नाही, म्हणून थेंब घालत वाट बघण्यात जे दिवस जातात त्याचं मला वाईट वाटतं. नंतर एमआरआय सांगतील तो टाळू नका, नसेवर गाठ नाही ना एवढं बघायचं असतं.

प्रश्न: अंथरुणात कूस बदलली की खोली गरगर फिरते, मिनिटभरात थांबते. मानेच्या एक्स-रेत मणके झिजलेत म्हणून पट्टा दिलाय, चक्करच्या गोळ्या दोन महिने चालू आहेत, फरक शून्य. वय ५८.

उत्तर: पन्नाशीनंतर कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, थोडीफार झीज दिसतेच, त्यावरून चक्कर मानेमुळे येते असं होत नाही. तुमचं वर्णन बीपीपीव्हीचं आहे, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की थोडा वेळ येणारी चक्कर, तो कानाचा आजार. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण एका पडद्यावर चिकटून असतात, ते सुटून अर्धगोल नळीत शिरले की डोकं हलल्यावर सरकतात, नळीतला द्रव ढकलला जातो आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. कण स्थिरावले की चक्कर थांबते, म्हणून ती मिनिटभरच.

तपासणीत मशीन लागतंच असं नाही. पेशंटला टेबलावर बसवायचं, डोकं ४५ अंश एका बाजूला वळवायचं आणि झटकन आडवं करायचं, डोकं कडेच्या जरा खाली. याला डिक्स-हॉलपाइक म्हणतात. मी त्या वेळी फक्त डोळे बघत असतो. दोन-चार सेकंद काहीच नाही, पेशंट म्हणतो ठीक आहे, आणि मग बुबुळं गोल झटके देत थरथरायला लागतात, थोड्या वेळात आपोआप शांत. हे दिसलं की निदान झालं. तिथेच एप्ली करायचं, म्हणजे डोकं आणि अंग टप्प्याटप्प्याने वळवत, प्रत्येक टप्प्यावर थोडं थांबत, कण नळीतून बाहेर काढायचे. बहुतेकांना एक-दोन वेळात आराम पडतो. कुठलीही गोळी कण हलवू शकत नाही, आणि सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन अशा गोळ्या या वयात महिनोन्महिने घेतल्या तर हात कापणं, हालचाल मंदावणं सुरू होऊ शकतं. डॉक्टरांना विचारून बंद करा. मात्र चक्करबरोबर बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसलं, हातपाय लुळे पडले किंवा उभंच राहता येईना तर कानाचं बघत बसू नका, सरळ इमर्जन्सी गाठा.

प्रश्न: तीन वर्षं झाली, नाकाचे थेंब घातल्याशिवाय झोप येत नाही. बाटली उशाशीच असते. सर्दी जातच नाही.

उत्तर: सर्दी केव्हाच गेली असेल हो, आता ते थेंबच नाक चोंदवतायत. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं, असर उतरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, मग परत थेंब. पाच दिवसांच्या पुढे हे औषध वापरायचंच नसतं. आता एका नाकपुडीत बंद करा, ती मोकळी झाली की दुसरीत, म्हणजे निदान एका बाजूने श्वास चालू राहतो. जोडीला डॉक्टर स्टेरॉईडचा स्प्रे देतील, तो उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्याने उजव्या, टोक मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला, आणि जोरात ओढू नका, नाहीतर सगळं घशात जातं. सुरुवातीच्या रात्री वाईट जातील. मुळात थेंब कशासाठी लागले होते, ॲलर्जी, नाकाचा वाकडा पडदा की पॉलिप (नाकातली मऊ वाढ), हे दुर्बिणीने एकदा बघून घ्या.

प्रश्न: मुलगा पाच वर्षांचा, हाक मारली तर लक्ष देत नाही, टीव्ही मोठा लावतो, तोंड उघडं ठेवून घोरतो. टीचर म्हणतात हट्टी आहे.

उत्तर: हट्टी असेलही, पण आधी कान तपासा. कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठलं असेल तर दुखत नाही, फक्त कमी ऐकू येतं. टिंपॅनोमेट्रीत (पडदा किती हलतो ते बघायची तपासणी) रेघ सपाट आली की पाणी आहे असं समजायचं. साधारण तीन महिने थांबून बघतात कारण बऱ्याच मुलांत ते आपोआप जातं, अँटिबायोटिकने काही होत नाही. नाही गेलं आणि ऐकण्यावर परिणाम असेल तर पडद्यात ग्रोमेट, बारीक नळी, ती सहा ते बारा महिन्यांत स्वतःच पडते. घोरण्यावरून ॲडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) वाढलेलं वाटतंय, तेही बघतील. तोवर टीचरना सांगा, पुढच्या बाकावर बसवा.

प्रश्न: आवाज बसून दीड महिना झाला. खोकला-ताप नाही. गुळण्या करतोय.

उत्तर: तीन आठवड्यांवर बसलेला आवाज म्हणजे स्वरयंत्र दुर्बिणीने बघायचंच, सिगारेट ओढत असाल तर या आठवड्यातच. गुळण्यांचं पाणी स्वरयंत्रापर्यंत पोचतही नाही.