फुलांच्या वर्षी अव्वल कोण होते?

प्रश्न : १९६७ म्हणजे हिप्पींच्या फुलांचे आणि ब्रिटिश संगीतातील नवतेचे वर्ष, असे नेहमी वाचनात येते. जुन्या चार्टमध्ये (खपाच्या क्रमवारीत) मात्र त्या वर्षी सर्वाधिक खपलेले सिंगल, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणे असलेली छोटी तबकडी, एंगलबर्ट हम्परडिंक या सुटाबुटातील गायकाचे असल्याचे दिसले. त्याने बीटल्सनाही मागे टाकले होते, हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे. बीटल्सचे ‘पेनी लेन’ आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ ही दोन गाणी एकाच तबकडीच्या दोन बाजूंवर फेब्रुवारी १९६७ मध्ये बाजारात आली. आज जी यादी अधिकृत मानली जाते, त्या ‘रेकॉर्ड रिटेलर’ या व्यापारी साप्ताहिकाच्या यादीत १९६३ पासून या चौघांची सलग अकरा सिंगल्स पहिल्या क्रमांकावर पोहोचली होती, बारावे दुसऱ्यावर अडले, कारण मार्चच्या सुरुवातीला वर चढलेले हम्परडिंकचे ‘रिलीज मी’ सहा आठवडे तिथून हललेच नाही. गंमत अशी की त्याच काळात ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकाने स्वतःच्या यादीत ‘पेनी लेन’ला पहिले स्थान दिले होते. प्रत्येक नियतकालिक आपापल्या दुकानदारांकडून खपाचे आकडे मागवीत असे, आणि बीबीसीच्या सहभागाने एकच सर्वमान्य यादी १९६९ मध्ये सुरू होईपर्यंत एकाच आठवड्यात दोन ‘पहिले क्रमांक’ असणे मुळीच नवलाचे नव्हते.

यादीतील या फरकापेक्षा महत्त्वाचे आहे ते चार्ट नेमके काय मोजतो हे. त्या आठवड्यात दुकानातून किती तबकड्या विकल्या गेल्या, एवढेच तो सांगतो. त्या कोणी घेतल्या आणि तीस वर्षांनी त्यांची आठवण राहील का, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. मद्रासमध्ये जन्मून लेस्टरमध्ये वाढलेल्या हम्परडिंकचे मूळ नाव अर्नोल्ड जॉर्ज डॉर्सी. बरीच वर्षे धडपडूनही नाव होईना, तेव्हा व्यवस्थापक गॉर्डन मिल्स यांनी त्याला एका जर्मन संगीतकाराचे लांबलचक नाव बहाल केले. ‘रिलीज मी’ हे मुळात जुने अमेरिकन कंट्री गाणे. एरवी दुकानाकडे फारसा न फिरकणारा प्रौढ श्रोता ते विकत घ्यायला आला, असे माझे मत आहे. गाणे पहिल्या पन्नासांत सलग ५६ आठवडे टिकले. नुसत्या लाटेवर आलेली गाणी इतका काळ तग धरत नाहीत.

नवता दिसते ती एलपीच्या, म्हणजे अनेक गाण्यांच्या मोठ्या तबकड्यांच्या, यादीत, तीही अर्धीच. १९६७ मध्ये केवळ चार एलपी पहिल्या क्रमांकावर आल्या: मंकीज या अमेरिकन गटाच्या दोन, ‘द साउंड ऑफ म्युझिक’ चित्रपटाची गाणी आणि बीटल्सची ‘सार्जंट पेपर’. यातील शेवटची जूनपासून सलग २३ आठवडे अव्वल राहिली आणि नोव्हेंबरमध्ये तिला खाली खेचले ते पुन्हा ‘साउंड ऑफ म्युझिक’नेच! म्हणजे इथेही कुटुंबवत्सल श्रोता फार दूर गेलेला नव्हता.

प्रश्न : समुद्रातील ‘पायरेट’ रेडिओ केंद्रे बंद झाल्यावर चार्ट बदलला का?

उत्तर : एकदम नाही. किनाऱ्याबाहेर नांगरलेल्या जहाजांवरून दिवसभर पॉप वाजवणाऱ्या केंद्रांना साहाय्य करणे ऑगस्ट १९६७ मध्ये कायद्याने गुन्हा ठरले. रेडिओ लंडनने कायदा लागू होण्याच्या आदल्या दुपारी प्रक्षेपण थांबवले. रेडिओ कॅरोलाइनने मात्र ते चालूच ठेवले. ही पोकळी भरण्यासाठी बीबीसीने ३० सप्टेंबरला ‘रेडिओ वन’ सुरू केले आणि जहाजांवरच तयार झालेल्या टोनी ब्लॅकबर्न यांना सकाळच्या पहिल्या कार्यक्रमासाठी बसवले. त्यांनी सर्वांत आधी पूर्ण वाजवलेली तबकडी होती द मूव्ह या गटाची ‘फ्लॉवर्स इन द रेन’, जी चार्टमध्ये दुसऱ्या क्रमांकापलीकडे गेली नाही. तरुणांसाठीच्या या नव्या केंद्राच्या पहिल्या दिवशी यादीच्या माथ्यावर होते ‘द लास्ट वॉल्ट्झ’, आणि गायक अर्थातच हम्परडिंक.