दोनशे मेल गेले, एकाचंही उत्तर नाही: भोसरीच्या मशीन शॉपवाल्या मित्राला

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भोसरीत दोन व्हीएमसी (उभी सीएनसी मिलिंग मशीन), एक सीएनसी लेथ. ऐंशी टक्के काम एकाच पंपवाल्या ग्राहकाचं, आणि त्याने दिवाळीनंतर शेड्यूल निम्म्यावर आणलं. मग तुम्ही डिरेक्टरीतून पत्ते काढून दोनशे कंपन्यांना प्रोफाइल पाठवलं. एकाचंही उत्तर नाही. आता विचारताय की ओळख नसताना नुसत्या मेलवर काम मिळतं का.

मिळतं. माझ्या आजच्या पाच ग्राहकांपैकी तिघांशी पहिली गाठ मेलवरच पडली. त्या तिन्ही कंपन्यांत माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं.

तुम्ही पाठवलेला मेल इथे जसाच्या तसा टाकलात, ते फार बरं केलंत. पहिलीच ओळ आहे, ‘वुई आर लीडिंग मॅन्युफॅक्चरर ऑफ ऑल टाइप्स ऑफ प्रिसिजन कॉम्पोनंट्स’. आता परचेसच्या खुर्चीत बसून ती वाचा. त्या माणसाकडे प्रत्येक पार्टला आधीच एक-दोन व्हेंडर आहेत. नवीन व्हेंडर घ्यायचा म्हणजे ऑडिट, सॅम्पल, तपासणीचे रिपोर्ट, सिस्टिममध्ये व्हेंडर कोड उघडणं, वरून क्वालिटीवाल्यांची मनधरणी. हा सगळा व्याप तो एकाच कारणासाठी करतो: चालू व्हेंडर कुठेतरी कमी पडतोय. माल वेळेवर येत नाही, रिजेक्शन वाढलंय, किंवा त्याच्याकडे कपॅसिटीच उरलेली नाही. ‘सगळ्या प्रकारचे पार्ट’ करणारा माणूस त्याच्या नेमक्या दुखण्यावर काहीच बोलत नाही, म्हणून तो मेल बंद करतो.

मलाही हे अनुभवातूनच कळलं. सुरुवातीला मीही असेच मेल धाडायचो. एकदा तर एकशे चाळीस पत्ते सीसीमध्ये उघडे ठेवून एकच मेल पाठवला. एका मोठ्या ग्राहकाच्या परचेस मॅनेजरने फोन करून सुनावलं, कारण त्यांच्या स्पर्धकांचे पत्तेही त्याच यादीत होते. त्या कंपनीचं दार माझ्यासाठी कायमचं बंद झालं. आजही त्यांच्या गेटवरून जाताना ते आठवतं.

त्यानंतर एका प्रदर्शनात हायड्रॉलिक पॉवर पॅक बनवणाऱ्यांच्या स्टॉलवर बराच वेळ उभा राहिलो. मॅनिफोल्ड ब्लॉकमध्ये, म्हणजे तेलाच्या वाटा कोरलेल्या धातूच्या ठोकळ्यात, आडवी-उभी भोकं एकमेकांना छेदतात. त्या छेदावर बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची बारीक कडा, राहते, ती पुढे तेलात सुटते आणि व्हॉल्व्हचा स्पूल (आतला सरकता दांडा) अडकतो. स्टॉलवरचा इंजिनिअर एका गिऱ्हाइकाला हीच तक्रार समजावून सांगत होता. आम्ही त्या वेळी दुसऱ्या एका ग्राहकासाठी ॲल्युमिनियमचे ब्लॉक करत होतो आणि क्रॉस होलची बर काढायची पद्धत आमची चांगली बसली होती. घरी आल्यावर एक रिजेक्ट ब्लॉक काढला, बँडसॉवर बरोबर छेदातून उभा कापला, कापलेली बाजू पॉलिश केली आणि उजेडात जवळून फोटो घेतला. दोन भोकं मिळतात तिथली कड साफ दिसत होती, बाजूला मापासाठी स्टीलची पट्टी.

त्या कंपनीच्या डेव्हलपमेंट इंजिनिअरला इंग्रजीत मेल गेला. आशय इतकाच होता: ‘तुमच्या स्टॉलवर मॅनिफोल्ड ब्लॉक पाहिले. छेदणाऱ्या भोकांतली बर हा विषय निघाला होता. आम्ही असे ब्लॉक महिन्याला साधारण तीनशे करतो. एक ब्लॉक कापून छेद दाखवलाय, फोटो जोडलाय. तुमच्याकडचा सर्वात त्रास देणारा एक ब्लॉक असेल तर ड्रॉइंग पाठवा, दोन नग स्वखर्चाने करून देतो.’ खाली नाव, मोबाइल, शॉपचा पत्ता. सात-आठ ओळी, एक फोटो, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यात रेटची चौकशी नव्हती. ‘बर कशाने काढता?’ एवढंच विचारलं होतं. चौथ्या दिवशी ड्रॉइंग आलं.

तुमच्या मेलमध्ये हेच हवं होतं. पहिल्या मेलवर कुणी ऑर्डर देत नाही. मागायचं ते एक ड्रॉइंग. तेही असा पार्ट मागा, ज्याचं काम तुमच्या हातात नक्की बसलेलं आहे.

आता तुमच्याकडे काय आहे ते बघू. तुम्ही लिहिलंय की पंपाचं एफजी २६० (बिडाची एक प्रत) कास्टिंगचं हाऊसिंग करता आणि त्यात ६२०६ बेअरिंगचा बोअर, म्हणजे बेअरिंग बसायचं गोल भोक, येतो. म्हणजे ६२ मिमी माप आणि एच-७ या प्रमाणाने तीस मायक्रॉनची मुभा. चार वर्षं ते काम करताय आणि एकही लॉट परत आलेला नाही, हे तुम्ही सातव्या परिच्छेदात जाता-जाता लिहिलंत! ही तुमच्या मेलची पहिली ओळ आहे. महिन्याला किती नग, बोअर किती मायक्रॉनमध्ये प्रत्यक्ष धरता, दोन्ही बेअरिंग सीटची एकअक्षता (दोन्ही एकाच अक्षावर असणं) कशी तपासता, हे तीन वाक्यांत लिहा. फोटो हवा तो बोअरमध्ये बोअर गेज उतरवलेला, डायल वाचता येईल असा. चालू ग्राहकाचं नाव, त्याचं ड्रॉइंग, कास्टिंगवरचा त्याचा लोगो यातलं काहीही फोटोत येऊ देऊ नका. दुसऱ्याचं ड्रॉइंग उघड करणारा आपलंही करेल, हे समोरच्याच्या लगेच लक्षात येतं.

पाठवायचं कुणाला? इन्फो आणि सेल्सच्या पत्त्यांवर तर नाहीच. लिंक्डइनवर कंपनीचं नाव टाकून ‘सोर्सिंग’, ‘व्हेंडर डेव्हलपमेंट’ किंवा ‘सप्लायर क्वालिटी’ लिहिलेले लोक शोधा. परचेसपेक्षा यांचा त्रास मोठा असतो, म्हणून वाचतातही हेच. कंपनी कुठल्या पट्ट्यातली आहे तेही बघा. पंप म्हटलं की आपल्याला किर्लोस्करवाडी, कोइम्बतूर, राजकोट आठवतं, पण तुमच्या यादीत कोल्हापूरच्या फाउंड्र्या मला दिसल्या नाहीत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कितीतरी फाउंड्र्यांचे ग्राहक पुण्या-चाकणात आहेत आणि त्यांना आता कच्चं कास्टिंग नको, मशीन केलेलं हवं. ज्या फाउंड्रीची स्वतःची मशीनिंग कपॅसिटी भरलेली असेल तिला भोसरीतला भरवशाचा माणूस हवाच असतो. कास्टिंग पुण्याला यायचंच आहे, वाटेत तुमच्याकडे उतरेल. मी तुमच्या जागी असतो तर पहिले दहा मेल तिकडेच पाठवले असते.

आठवड्याला दहाच पाठवा. प्रत्येक मेलमागे अर्धा तास त्या कंपनीची वेबसाइट, कॅटलॉग आणि पार्ट बघण्यात गेला पाहिजे. दोनशेला एकच मजकूर पाठवण्यापेक्षा हे जास्त कष्टाचं आहे, पण यातूनच ड्रॉइंग येतात.

मेल पोचतोय का हेही तपासा. तुमचा पत्ता फुकटच्या जीमेलवरचा आहे आणि सोबत अठरा एमबीची पीडीएफ आहे. बऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हरवर एवढी फाइल आत येतच नाही. स्वतःचं डोमेन घ्या, वर्षाचा खर्च एका चांगल्या इन्सर्टच्या (कटिंग टूलवरच्या पात्यांच्या) डब्याहून कमी आहे. डोमेन देणाऱ्याला सांगून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, म्हणजे मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या नोंदी, लावून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेलवर पाठवणाऱ्यांसाठी याबाबतचे नियम कडक केले आहेत, आणि कंपन्यांचे फिल्टरही हेच बघतात. झिप फाइल पाठवूच नका.

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा लिहा, पण ‘माझा मेल मिळाला का’ असं नको. नवीन काहीतरी द्या: त्याच बोअरच्या पन्नास नगांच्या मापांचा तक्ता, किंवा ‘पुढच्या महिन्यात एका व्हीएमसीवर दीडशे तास मोकळे आहेत’ ही माहिती. शेवटी तिसऱ्यांदा महिन्याभराने. त्यानंतर थांबा. माझ्या एका ग्राहकाने तिसऱ्या मेलनंतर पाच महिन्यांनी उत्तर दिलं, कारण तोपर्यंत त्याच्या जुन्या व्हेंडरने हात वर केले होते.

आणि ड्रॉइंग आलं की खरी परीक्षा सुरू होते. इथेच आपल्यापैकी पुष्कळ जण हातातलं काम घालवतात. ड्रॉइंग आलं त्या दिवशीच ‘मिळालं, अमुक दिवशी कोटेशन देतो’ एवढं कळवा आणि तो दिवस पाळा. कोटेशनमध्ये मटेरियल, सायकल टाइम, टूलिंग, तपासणी वेगळं दाखवा. एखादी मिती तुमच्या मशीनवर बसणार नसेल तर आधीच लिहा. मी एकदा एका ड्रॉइंगवर ‘ही समांतरता आमच्याकडे नाही होणार, ग्राइंडिंग बाहेरून करावं लागेल’ असं स्पष्ट लिहिलं होतं. ती ऑर्डर मिळाली, आणि पुढे त्याच इंजिनिअरने आणखी चार ड्रॉइंग दिली.

पैशाचं पहिल्या मेलमध्ये काढू नका, पण सहीखाली उद्यम नोंदणीचा (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) नंबर जरूर टाका. सूक्ष्म-लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर पंधरा. आयकराच्या तरतुदीमुळे (१९६१च्या कायद्यात ती ४३बी(एच) कलमात आली) आकारणी वर्ष २०२४-२५ पासून त्या मुदतीत न दिलेली रक्कम ग्राहकाला प्रत्यक्ष दिलेल्या वर्षीच खर्चात धरता येते. अनोळखी ग्राहकाशी पहिल्या ऑर्डरच्या वेळी हे बोलायला संकोच करू नका.

जर्मनीच्या कंपन्यांना असेच मेल पाठवू का, हेही तुम्ही विचारलंय. तिथे नको. जर्मनीच्या अनुचित स्पर्धाविरोधी कायद्याप्रमाणे आधी संमती नसेल तर जाहिरातीचा मेल कंपनीलाही पाठवता येत नाही. तिकडचं काम हवं असेल तर प्रदर्शनात कार्ड देवाण-घेवाण करून, समोरच्याने ‘पाठवा’ म्हटल्यावरच लिहा. सध्या तरी तुमचं काम दोन-अडीचशे किलोमीटरच्या आत आहे.

त्या हाऊसिंगच्या शेवटच्या पन्नास नगांची बोअरची मापं तुमच्या रजिस्टरमध्ये असतील. ती इथे टाका आणि बोअर गेजचा एक फोटो काढा. आज रात्री मी आहे, पहिला मेल आपण मिळून लिहू.