वाचकांचे प्रश्न : मॉर्मन कुटुंबांच्या रोजनिश्या

प्रश्न : अमेरिकेतील यूटा प्रांतात जाऊन वसलेल्या सुरुवातीच्या मॉर्मन कुटुंबांच्या रोजनिश्या आणि आठवणी मी वाचत आहे. एकाच प्रसंगाच्या हकिकती जुळत नाहीत. विश्वास कशावर ठेवावा?

उत्तर : मजकूर केव्हा लिहिला गेला, हे सर्वांत आधी पाहावे. ६ एप्रिल १८३० रोजी मॉर्मन या अमेरिकेतील ख्रिस्ती पंथाची स्थापना झाली आणि नोंदी ठेवण्याची आज्ञाही त्याच दिवशी झाली, असे त्यांचा धर्मग्रंथ सांगतो. त्यामुळे पुढाऱ्यांप्रमाणेच शेतकरी, कारागीर आणि सुईणी यांनीही लिहून ठेवले. १८४७ साली पंथाचे पुढारी ब्रिगहॅम यंग यांच्याबरोबर यूटाकडे निघालेल्या पहिल्या तुकडीत असलेल्या विल्यम क्लेटन यांनाच घ्या. दिवसभरात किती मैल झाले याबद्दल सोबत्यांचे अंदाज जुळेनात, तेव्हा ८ मे रोजी त्यांनी चाकाच्या आऱ्याला लाल फडके बांधले आणि गाडीशेजारी चालत फेरे मोजले. चाकाचा घेर १४ फूट ८ इंच, म्हणजे ३६० फेऱ्यांचा एक मैल; त्या दिवशीची नोंद ४,०७० फेऱ्यांची आहे. इतका ताजा तपशील पन्नास वर्षांनी लिहिलेल्या आठवणीत सापडणे कठीण.

उलट, २४ जुलै १८४७ रोजी आजारी यंग यांनी त्याच तुकडीतील विल्फर्ड वुड्रफ यांच्या गाडीतून यूटातील सॉल्ट लेकचे खोरे पाहिले आणि ‘हीच ती जागा’ असे उद्गार काढले, हे सर्वश्रुत आहे. मात्र वुड्रफ यांच्या त्या दिवशीच्या सविस्तर रोजनिशीत ते वाक्य नाही. त्यांनीच ते १८८० मध्ये सांगितले. एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही, पण ते तेहेतीस वर्षांनंतरचे आहे हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

कुटुंबांत सांगितल्या जाणाऱ्या कथांबाबत अधिक सावध राहावे. १८५६ मध्ये हातगाड्या ओढत यूटाकडे उशिरा निघालेल्या विली आणि मार्टिन यांच्या तुकड्या आजच्या वायोमिंगमध्ये बर्फात अडकल्या आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. अठरा वर्षांच्या तीन मुलांनी जवळजवळ साऱ्यांना स्वीटवॉटर नदीपार उचलून नेले आणि त्या गारठ्यानेच तिघांचा अंत झाला, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. नोंदी ताडून पाहता, उचलून नेणारे तिघांहून अधिक होते, सगळेच अठराचे नव्हते आणि कित्येकजण आपल्या पायांनी नदी उतरले. माझ्या मते यामुळे त्या मदतीचे मोल तिळमात्र कमी होत नाही.

तरीही उशिराच्या आठवणी बाजूला सारू नयेत. जेन मॅनिंग जेम्स या कृष्णवर्णीय स्त्रीने आपली जीवनकथा उतारवयात दुसऱ्याकडून लिहून घेतली. बोटीत जागा नाकारली गेल्यामुळे ती आपल्या माणसांसह शेकडो मैल चालत इलिनॉयमधील नावू या मॉर्मनांच्या तेव्हाच्या गावी पोहोचली, पावले फुटून वाटेवर रक्ताचे ठसे उमटले, हे तिने सांगितले नसते तर आपल्याला कळले नसते. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, त्यांचा इतिहास बहुधा असाच मिळतो.

प्रश्न : भारतातून कोणी तिकडे गेले होते का?

उत्तर : होय, पण थोडे. १८५० च्या दशकात मॉर्मन प्रचारक कलकत्त्यास आले, ह्यू फिंडले यांनी मुंबई व पुणे येथे काम केले, आणि त्यांचे अनुयायी मुख्यतः ब्रिटिश सैन्याशी संबंधित होते. कलकत्त्याचे लष्करी अधिकारी मॅथ्यू मॅकक्यून सहकुटुंब यूटाला गेले. तेथे पुढे रेल्वेमार्ग बांधणारा त्यांचा मुलगा आल्फ्रेड १८४९ मध्ये कलकत्त्यातच जन्मला होता.