जे आलेच नाहीत, त्यांचं काय?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. तुझ्या शिकवणीच्या ॲपचे आकडे चांगले आहेत, वरिष्ठ खूश आहेत, तरी मनाला पटत नाही. आपलंच काही चुकतंय का, असं विचारतोयस. चुकत नाहीये. टोचतंय ते बरोबर ठिकाणी टोचतंय. तुझ्या स्क्रीनवर दिसतात ती लॉगिन केलेली मुलं. जे आले नाहीत, त्यांना आधी मोज.

ती काही चारदोन नसतात. २०२० साली युनिसेफ आणि आयटीयू (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था) यांनी हिशेब मांडला, तेव्हा जगातल्या शाळकरी वयाच्या दोन तृतीयांश मुलांच्या घरी इंटरनेट नव्हतं. आणि घरात फोन आहे म्हणजे तो मुलाच्या हातात आहे, असं कुठाय? फोन मोठ्यांबरोबर कामावर जातो, रात्री परततो, मग भावंडांची ओढाताण. मुलीचा नंबर बहुतेकदा शेवटी. तिनं तुझा व्हिडिओ उघडला की गोल चक्र फिरत राहतं आणि डेटा संपतो. तोच धडा देवनागरी मजकुरात दिला, तर एका चिन्हाला तीन बाइट. अख्खं पान काही किलोबाइटांत मावतं. पण साधा मजकूर बैठकीत दाखवायला झकास दिसत नाही ना!

यंत्रं वाटून भागत नाही, हेही लक्षात ठेव. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशानं शाळकरी मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. २०१२च्या मूल्यमापनात गणित आणि भाषेच्या गुणांत फरक सापडला नाही. उलट आफ्रिकेतल्या बोट्सवानात टाळेबंदीच्या काळात दर आठवड्याला साध्या फोनवर पंधरा-वीस मिनिटं गणित घेतलं, तर मुलं पुढे सरकली. नुसत्या एसएमएसनं फारसं काही साधलं नाही. मला यात नवल वाटत नाही. फोन करणाऱ्याला कोणी उचलला नाही ते कळतं. त्याच्याकडून न आलेले आपोआप मोजले जातात.

हेच बोलून बोलून मी बैठकांत नकोसा झालो. हेकट म्हणायचे. चांगले सहकारी दुरावले, त्याचं आजही वाईट वाटतं. मुद्दा सोडला नाही, त्याचं नाही. जो तो सरासरी मागायचा. अरे, जे मूल आलंच नाही ते सरासरीत धरलेलंच नसतं, हे कितीदा सांगायचं? आवाज न चढवता सांगता आलं असतं, कबूल. पण तसं सांगितलेलं कोणी ऐकलं असतं, असं मला अजूनही वाटत नाही.

एआय शिक्षकाचं विचारलंस. जो आलाच नाही, त्याला तो काय शिकवणार? ते नंतर बघू. आधी शाळेकडून हजेरीपट माग आणि लॉगिनच्या यादीशी एकेक नाव ताडून पाहा. उरलेल्या नावांपैकी दहा घरी स्वतः फोन लाव. ज्यांचा नंबरच नसेल, त्यांच्या घरी जा. पुढच्या पत्रात त्या दहा जणांचं लिही, डाउनलोडचं नको.