वाचकांचे प्रश्न : माउथ ऑर्गन आणि छोटा मिक्सर

प्रश्न : सहा चॅनेलचा मिक्सर आहे. दहा छिद्रांचा माउथ ऑर्गन साध्या डायनॅमिक माइकसोबत मुठीत धरून वाजवतो. मूठ आवळली की आवाज फाटतो, उघडली की ऐकू येत नाही. फेडर (चॅनेलच्या आवाजाची सरकपट्टी) कुठे ठेवावा?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : फेडरला हात लावण्याआधी गेन, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच वाढवणारे बटण, बघा. बहुतेक जण दोन-चार सूर हलके फुंकून गेन लावतात आणि कार्यक्रमात मूठ घट्ट बंद करून जोर काढतात. मूठ बंद झाली की पातळी एकदम चढते, खालचे सूरही फुगतात आणि मिक्सरच्या पहिल्याच टप्प्यात आवाज फाटतो. पुढे फेडर खाली ओढला तर तोच फाटका आवाज लहान होऊन येतो, इतकेच.

इक्यूची (बेस, मिड, ट्रेबल) सगळी बटणे मध्यावर आणि गेन शून्यावर आणा. मूठ पूर्ण बंद करून, कार्यक्रमात वाजवाल त्याहून थोडे जोरात, तीन छिद्रे एकत्र फुंका, ओढा. पीएफएल (फेडरच्या आधीची पातळी मीटरवर दाखवणारे बटण) दाबून मीटर शून्याजवळ येईपर्यंत गेन वाढवा. लाल दिवा चमकला तर मागे या. पीएफएल नसेल तर चॅनेल आणि मास्टर दोन्ही शून्याच्या खुणेवर ठेवून हेच करा, मात्र तेव्हा स्पीकर बंद हवेत. उघड्या हाताचा आवाज आता बारीक वाटेल. तिथे माउथ ऑर्गन माइकच्या जाळीला टेकवून वाजवा. एका बटणाचा कॉम्प्रेसर (मोठा आणि बारीक आवाज जवळ आणणारी सोय) असेल तर पाव फेराच द्या. जास्त दिला की मुठीची उघडझाप सपाट होते आणि स्पीकर लवकर शिट्टी मारतो.

लो-कट (अगदी खालचा आवाज कापणारे बटण) मात्र खुशाल दाबा. छोट्या मिक्सरवर तो साधारण ७५ ते १०० हर्ट्झला असतो. पांढरी एकच्या माउथ ऑर्गनचा सर्वांत खालचा सूर २६२ हर्ट्झचा, पांढरी पाचचा १९६चा. म्हणजे सूर एकही जात नाही, जाते ती हाताची धपधप. आवाज टोचत असेल तर मिड आणि ट्रेबल ३-३ डीबी उतरवा.

प्रश्न : जुना बुलेट माइक (माउथ ऑर्गनवाले मुठीत धरतात तो गोलसर माइक) मिळाला. त्याची मोठी पिन लाइन-इनमध्ये लावली तर आवाज पत्र्यासारखा येतो. माइक खराब आहे का?
– एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : बहुधा नाही. भोक चुकले आहे. ॲस्टॅटिक जेटी-३०सारख्या क्रिस्टल माइकला पुढे निदान १ मेगाओहमचा, म्हणजे खूप जास्त विद्युतरोधाचा इनपुट लागतो. लाइन-इन साधारण १० ते २० किलोओहमचा असतो. क्रिस्टल कपॅसिटरसारखा वागतो, त्यामुळे इतक्या कमी ओहमवर आधी खालचे सूर गळतात. शुअर ५२० डीएक्स क्रिस्टल नाही, पण हाय-इम्पीडन्सच आहे, म्हणजे त्यालाही जास्त ओहमचा इनपुट लागतो. मिक्सरवर 'हाय-झेड' किंवा गिटारचे बटण असेल तर त्या चॅनेलला लावा. नसेल तर १ मेगाओहमचा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (असा सिग्नल माइक-इनला जुळवून देणारी विजेवर चालणारी डबी) घेऊन त्याची एक्सएलआर (तीन पिनांची माइकची) वायर माइक-इनला द्या. पिनचे नुसते कन्व्हर्टर घेऊ नका. त्याने भोक जुळते, ओहम जुळत नाहीत. डीआय नसताना फँटम (माइकच्या वायरमधून जाणारी वीज) बंद ठेवा: छोट्या मिक्सरवर एकच स्विच सगळ्या माइक-इनना ४८ व्होल्ट देतो.

प्रश्न : गणेशोत्सवात मोबाइलवर कराओके ट्रॅक लावून वाजवतो. हेडफोनमध्ये ट्रॅक छान, मिक्सरमधून ढोलक आणि बेस गायब!
– एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : दोन्ही टोकांना स्टिरिओ पिन असलेली वायर एकाच मोनो चॅनेलला लावली असणार. मोनो चॅनेलचा इनपुट बॅलन्स्ड असतो, म्हणजे तो पिनेवरच्या दोन सिग्नलांतला फरकच घेतो; इथे तो डाव्यातून उजवा वजा करतो, आणि ढोलक-बेस दोन्हींत सारखेच असतात. एका बाजूला छोटी स्टिरिओ पिन, दुसऱ्या बाजूला दोन मोठ्या मोनो पिना अशी वायर घ्या आणि मिक्सरच्या स्टिरिओ चॅनेलला लावा.

प्रश्न : ऑक्समधून (चॅनेलचा आवाज बाहेरच्या यंत्राकडे पाठवणारी वाट) इको पेडल जोडले की मिक्सर ओरडतो.
– एक वाचक, कराड

उत्तर : पेडल ज्या चॅनेलवर परत येते, त्या चॅनेलचे ऑक्सचे बटण शून्यावर न्या. आत्ता इको पुन्हा पेडलमध्येच शिरतो आहे. पेडलचा इनपुट गिटारच्या पातळीचा असतो, म्हणून ऑक्सचा मास्टरही अगदी खालून चढवत न्या.