पिल्लाच्या डोळ्यात चिपडं येताहेत, घरातला ड्रॉप टाकू का?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही नंदुरबारला राहतो, घर मिरची वाळत घालतात त्या पथाऱ्यांच्या जवळच आहे. गल्लीतल्या कुत्रीचं अडीच महिन्यांचं पिल्लू मुलांनी घरी आणलंय, लस वगैरे काही झालेली नाही. आधी दोन्ही डोळ्यांतून नुसतं पाणी यायचं, आता सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात आणि डाव्या डोळ्यात पिवळी घट्ट चिपडं येतात, तो डोळा बारीक करूनच बसतं. खातंपितं बरं आहे. शेजारच्या काकू म्हणतात मिरचीमुळे होतंय, गुलाबपाणी टाका. सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा ड्रॉप अर्धा उरलाय, तो चालेल का?

उत्तर: ताई, तो ड्रॉप अजिबात टाकू नका, सगळ्यात आधी हेच सांगतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर जे ड्रॉप देतात त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, आणि पिल्लाच्या बुबुळावर साधा ओरखडा जरी असेल तरी स्टेरॉइडमुळे ती जखम भरत नाही, उलट खोल जाते, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर डोळाच फुटू शकतो. तुमचं पिल्लू डावा डोळा बारीक करतंय म्हणजे तिथे दुखतंय. पंजाने खाजवताना नख लागलं असेल, नाहीतर गवताचं कुसळ पापणीच्या आत अडकलं असेल, हे तर आपल्याकडे फार होतं, आणि ते वरून दिसत पण नाही.

काकूंचं म्हणणं अगदीच चूक नाही. पथारीवरून उडणारी मिरचीची धूळ, वारा, चुलीचा धूर यानं डोळे वाहतात, पण ते पाण्यासारखं पातळ असतं. पिवळं-हिरवं घट्ट यायला लागलं की बहुतेक इन्फेक्शन झालेलं असतं. सकाळी कोपऱ्यात थोडंसं तपकिरी चिपाड दिसलं तर घाबरायचं कारण नाही, तेवढं चालतं. (पग, शित्झूसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचे डोळे तसेही जास्त वाहतात, आपल्या गावठी पिल्लांचं तसं नसतं.)

मला खरी काळजी वाटते ती लस न झाल्याची. डिस्टेंपर नावाचा व्हायरसचा आजार असाच डोळ्यांपासून सुरू होऊ शकतो, मग नाक वाहतं, ताप येतो, खोकला, उलट्या-जुलाब, आणि पुढे झटके पण येतात. त्या व्हायरसवर थेट औषध नाही, सलाईन आणि बाकीचे उपचार करून पिल्लाला तगवावं लागतं आणि कितीतरी पिल्लं हाती लागत नाहीत, म्हणून मी एवढं जीव तोडून सांगतोय. आज खातंय म्हणून निर्धास्त राहू नका. थर्मामीटर असेल तर ताप बघा, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल, १०३ च्या वर गेलं तर ताप आहे.

आजच गुरांच्या दवाखान्यात न्या, कुत्री पण तिथे तपासतात. डॉक्टर डोळ्यात एक रंगाची पट्टी लावून बघतील, जखम असेल तर ती हिरवी चमकते, आणि मग कोणता ड्रॉप द्यायचा ते ठरतं. डोळ्यावर निळसर-पांढरी झाक दिसली किंवा डोळा उघडतच नसेल तर संध्याकाळची पण वाट बघू नका.

तोपर्यंत पाणी उकळून कोमट होऊ द्या, स्वच्छ सुती कापड त्यात भिजवून चिकटलेल्या पापणीवर थोडा वेळ ठेवा, चिपाड मऊ झालं की नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला हलक्या हाताने पुसा, ओढून काढू नका. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं कापड घ्या. गुलाबपाणी, मध, हळद, दूध यातलं काहीही डोळ्यात घालायचं नाही. पिल्लू खाजवत असेल तर दवाखान्यात गळ्यात घालायची कॉलर मिळते का विचारा, आणि ड्रॉप दिला की डोळा बरा दिसला म्हणून मधेच बंद करू नका.

लस साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होते आणि १६ आठवड्यांपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी परत द्यावी लागते, म्हणजे तुमची वेळ अजून गेलेली नाही, फक्त पिल्लू आजारी असताना द्यायची की थांबायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. रेबीजची लस ३ महिन्यांनंतर, ती पण नक्की घ्या, घरात मुलं आहेत. आणि त्याच कुत्रीची बाकीची पिल्लं गल्लीत असतील तर सध्या यांना एकत्र खेळू देऊ नका, ताटली पण वेगळी ठेवा, आणि त्या पिल्लांचे डोळे-नाक पण एकदा बघून घ्या.