आतून ११ × १५ फुटांची लाकडी केबिन चार कोपऱ्यांच्या खांबांवर उभी राहील का?

चार कोपऱ्यांना विटांचे खांब पुरतील, की खाली सगळीकडे काँक्रीटचा स्लॅबच टाकावा, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: दोन्ही नको, काँक्रीटचे बारा खांब घाला. पण खांबांच्या आधी मापं बदला.

केबिनचं माप आतून नाही, बाहेरून बाहेर धरायचं. बाहेरून १२ × १६ फूट घ्या. भिंत पाच इंच जाड धरली तर आत ११ फूट २ इंच × १५ फूट २ इंच उरतात, म्हणजे तुम्हाला हवं त्याहून किंचित जास्तच. प्लाय ८ × ४ फुटांचा येतो, त्यामुळे केबिनच्या जमिनीला बरोब्बर सहा शीट लागतात (१८ मिमीचं घ्या). आतून नेमके ११ × १५ ठेवलेत तर बाहेरून ११ फूट १० इंच × १५ फूट १० इंच होतं. शीट तरीही सहाच लागतात, वर दोन-दोन इंचांच्या पट्ट्या कापत बसायचं.

प्लायखाली ६ × २ इंची वासे, दर १६ इंचांवर, १२ फुटांच्या दिशेने. एकूण १३. पहिले १६ इंच जमिनीच्या चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या वाशाच्या मध्यापर्यंत मोजा, पुढचे मध्य ते मध्य. इथे हमखास चूक होते. पहिलंही माप मध्य ते मध्य घेतलं की पाऊण-एक इंच सरकतो आणि शीटचा जोड वाशावर न येता हवेत लोंबतो.

आता चार खांब का नकोत ते. चारच टेकू दिले तर तुळईला मधे आधाराशिवाय १६ फूट ओलांडावे लागतात. सारख्या पसरलेल्या वजनाखाली गाळा (दोन टेकूंमधलं अंतर) दुप्पट झाला की झोळ सोळापट होतो. म्हणून १६ फुटांच्या दिशेने ४ × ६ इंची तुळयांच्या तीन रांगा आणि प्रत्येकीखाली चार खांब, असे एकूण बारा. बाहेरच्या खांबांचा मध्य चौकटीच्या कडेपासून ५ इंच आत ठेवा, म्हणजे ९ इंची खांबाचं डोकं भिंतीबाहेर येणार नाही आणि त्यावर पाणी साचणार नाही. रांगांमध्ये मध्य ते मध्य ५ फूट ७ इंच, रांगेतल्या खांबांमध्ये सुमारे ५ फूट पाऊण इंच. तुळईला जोड द्यायचाच तर तो खांबाच्या डोक्यावर.

सर्वांत जास्त वजन लांब बाजूच्या मधल्या खांबांवर येतं, कारण छपराचा भार तिथे उतरतो. माणसं, सामान, भिंत आणि हलकं पत्र्याचं छप्पर धरून एकेकावर साधारण १.१ टन. दीड फूट चौरस फुटिंगचं (खांबाखालच्या रुंद काँक्रीट पायाचं) क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर, म्हणजे मातीवर चौरस मीटरला साडेपाच टन. घट्ट मूळ जमिनीला हे जड नाही. भरावाच्या जमिनीवर मात्र कुठलाच आकडा धरू नका, भराव संपेपर्यंत खणा. चिकण काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तिथे खड्डा तीन फुटांवर न थांबवता मुरूम लागेपर्यंत जा. थंड प्रदेशात जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली जावं लागतं.

आखणीला सूत आणि फक्की. चौकटीचे दोन्ही कर्ण बरोबर २० फूट भरले पाहिजेत, कारण १२-१६-२० हा ३-४-५ चाच चौपट त्रिकोण. एवढ्या लांबीवर गुण्याच्या (काटकोन तपासायच्या पट्टीच्या) भरवशावर राहू नका.

खड्डे दोन फूट चौरस, तीन फूट खोल. तळ धुमसून ९ इंच जाडीचं फुटिंग, त्यात १० मिमीच्या सळया दोन्ही दिशांना चार-चार. खांबात चार उभ्या सळया, दर ६ इंचांवर रिंग. खांब जमिनीवर दीड फूट काढा, खालून हवा खेळते आणि वाळवीच्या माती-वाटा नजरेला पडतात. १:२:४ प्रमाणाने नासाडीसह ९ पोती सिमेंट, २२ घनफूट वाळू, ४४ घनफूट खडी लागेल. उतारावर खांबांची उंची कमीजास्त होईल, पण डोकी एका पातळीत हवीत. पाण्याची नळी लावून बाराही तपासा. सात दिवस पाणी मारा.

काँक्रीट ओलं असतानाच प्रत्येक डोक्यात १२ मिमीचा, खालून हुकासारखा वाकवलेला बोल्ट बसवा. नंतर भोक पाडून ठोकलेला तितका धरत नाही, आणि हलकी केबिन वादळात खचत नाही, उचलली जाते. तुळई आणि काँक्रीटमध्ये डांबरी फेल्टचा तुकडा घाला, नाहीतर लाकूड खालून ओल ओढतं.

स्लॅब आत जड यंत्र किंवा गाडी ठेवायची असेल तरच परवडतो. विटांचे खांब दाब सोसतात, पण वाऱ्याची ओढ सोसत नाहीत. वादळी किंवा बर्फाच्या भागात असाल तर छपराचा भार वेगळा धरावा लागेल, तेवढा हिशेब इंजिनिअरकडून करून घ्या.